वाल्टर फ्रेवर्ट : शिकारीचे नियम लिहिणारा वनाधिकारी

खैरबाभूळ

जर्मनीत शिकारीचा परवाना काढायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते. नेम धरता येणं हा तिचा एक भाग झाला. प्राण्यांची ओळख, जंगलाची निगा, कायदा, कुत्र्यांची हाताळणी, मारलेल्या जनावराचं मांस खाण्याजोगं आहे की नाही हे ओळखणं, असं बरंच काही तिच्यात असतं. तिथले लोक तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. अभ्यासात एक विषय रीतीरिवाजांचाही असतो, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक ज्यानं लिहिलं त्या माणसाबद्दल हा धागा आहे.

आधी त्या रीती बघू. नर हरीण पडलं की शिकारी त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतो. हा त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी रक्तात टेकवून, टोपीवर किंवा सुऱ्याच्या पात्यावर ठेवून शिकाऱ्याला दिली जाते आणि तो ती टोपीच्या उजव्या बाजूला खोचतो. डहाळी कुठल्याही झाडाची चालत नाही. ओक, पाइन, स्प्रूस, फर आणि आल्डर हीच मानाची झाडं. जनावर कुठे उभं होतं, गोळी कुठे लागली, ते कुठल्या दिशेला पळालं हेही डहाळ्या टाकूनच मागून येणाऱ्याला कळवायचं. संध्याकाळी मारलेली सगळी जनावरं उजव्या कुशीवर रांगेत मांडायची, तांबडी हरणं सगळ्यांत आधी आणि बाकीची मग मानाप्रमाणे. जनावर ओलांडून कुणी जायचं नाही. प्रत्येक जातीसाठी शिंगाची वेगळी धून वाजते आणि मग शिकार संपल्याची धून. हे सगळं आजही चालतं.

यातलं काही खरोखर जुनं आहे, राजेरजवाड्यांच्या काळापासूनचं. पण आज जसं ते नियम म्हणून पाळलं जातं तसं एका ठिकाणी बांधून दिलं १९३६ साली, वाल्टर फ्रेवर्टनं.

फ्रेवर्ट १८९७चा, वेस्टफालियातल्या हाम या गावचा. पहिल्या महायुद्धानंतर वनशास्त्र शिकला आणि हेसेमधल्या बाटेनबर्गला वनाधिकारी झाला. नाव झालं ते कुत्र्यांमुळे. जर्मन शिकारीत जखमी जनावर सोडून देणं हे मोठं पाप. त्याचा माग काढायला लांब पट्ट्यावर चालणारी कुत्री असतात, वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरून कित्येक तासांनीही माग धरणारी. अशी कुत्री तयार करण्यात आणि चालवण्यात फ्रेवर्ट तरबेज होता. त्यावर त्यानं लिहिलंही आहे, आणि मला त्याचा हा भाग मनापासून आवडतो. जनावर तडफडत मरू नये म्हणून दिवसभर चिखल तुडवणारा माणूस त्यात दिसतो.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि फ्रेवर्ट पक्षात गेला. पुढच्या वर्षी, ३ जुलै १९३४ला, नवा शिकार कायदा आला. हिटलरचा जवळचा सहकारी हेर्मान गोअरिंगनं स्वतःला राइशयेगरमाइस्टर, म्हणजे अख्ख्या देशाच्या शिकारीचा प्रमुख, करून घेतलं. कायदा कागदावर चांगला होता हे कबूल करायलाच हवं. कुठल्या भागात किती जनावरं मारायची याचा आराखडा ठरला, मोठ्या जनावरांवर छऱ्यांचा मारा बंद झाला, जखमी जनावराचा माग काढणं सक्तीचं झालं. युद्धानंतर १९५२मध्ये पश्चिम जर्मनीनं आपला शिकार कायदा केला तेव्हा यातला बराच भाग तसाच उचलला.

१९३६ साली फ्रेवर्टची बदली रोमिंटनला झाली. ओबरफोर्स्टमाइस्टर, म्हणजे वरिष्ठ वनाधिकारी म्हणून, नासावेनच्या वनकचेरीत. जर्मन वनखात्यात यापेक्षा मानाची जागा नसावी. रोमिंटन हे पूर्व प्रशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतातलं, लिथुआनिया आणि पोलंडच्या सीमेजवळचं साधारण २५ हजार हेक्टरांचं जंगल. तिथली तांबडी हरणं शिंगांसाठी युरोपभर प्रसिद्ध. कैसर दुसऱ्या विल्हेल्मनं १८९१मध्ये तिथे नॉर्वेच्या धर्तीचा लाकडी शिकारवाडा बांधून घेतला होता. गोअरिंगनं शेजारी स्वतःचा नवा वाडा उभारला. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचा लुट्झ हेक नामशेष झालेला रानबैल पाळीव गुरांच्या संकरातून 'परत आणायचा' प्रयत्न करत होता. त्याची गुरंही १९३८मध्ये रोमिंटनलाच सोडली.

फ्रेवर्टचं काम काय होतं, तर कुठला नर किती वर्षांचा झाला, यंदा त्याला किती फाटे फुटले, अजून दोन वर्षं ठेवला तर शिंगं वाढतील की उतरणीला लागतील, याचा हिशेब ठेवायचा. दरवर्षी गळून पडलेली शिंगं जंगलातून गोळा करून एकेका नराची मालिका लावायची. नावाजलेल्या नरांना नावं असायची. 'मॅटाडोर' नावाचा नर १९४२च्या सप्टेंबरात गोअरिंगनं मारला. पूर्व आघाडीवर तेव्हा स्टालिनग्राडची लढाई पेटलेली होती.

आता मुद्द्याचं.

जून १९४१मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि बियाओव्हिएझाचं जंगल (आता पोलंड आणि बेलारूसमध्ये वाटलेलं) हाती आलं. युरोपच्या सखल भागातलं हे सर्वांत मोठं जुनं जंगल, गव्यासारख्या युरोपीय बायसनचं शेवटचं घर. गोअरिंगला ते आधीपासून माहीत होतं. १९३०च्या दशकात पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा पाहुणा म्हणून तो तिथे शिकारीला जायचा. आता त्याला तिथे अफाट शिकारराखीव हवं होतं, माणसांशिवायचं. त्या जंगलाची जर्मन व्यवस्था लावायला जो वरिष्ठ वनाधिकारी धाडला तो फ्रेवर्ट.

जुलैच्या शेवटी ३२२ क्रमांकाची पोलीस बटालियन जंगलातल्या वस्त्यांवर गेली. तीसहून अधिक गावं रिकामी करून जाळली. सहा हजारांहून जास्त माणसं, थोडंफार सामान बांधून घ्यायला दिलेल्या वेळेत, घराबाहेर काढली. ऑगस्टमध्ये बियाओव्हिएझा गावातल्या ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या आणि बायका-मुलांना कोब्रिनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत, पाठवलं. पार्टिझन, म्हणजे लपून लढणारे बंडखोर, असल्याच्या संशयावरून माणसं मारण्याचं सत्र पुढेही चालू राहिलं. बायसनना मात्र पूर्ण संरक्षण होतं.

ऑक्टोबर १९४४मध्ये लाल सेना रोमिंटनच्या वेशीवर आली. गोअरिंगचा वाडा जर्मनांनीच पेटवला. फ्रेवर्ट पश्चिमेकडे निसटला, आणि काही वर्षांनी ब्लॅक फॉरेस्टमधल्या काल्टेनब्रोनला पुन्हा वनाधिकारी म्हणून रुजू झाला. १९५७मध्ये त्याचं 'रोमिंटन' हे पुस्तक आलं आणि ते प्रचंड खपलं. हरवलेल्या पूर्व प्रशियाच्या आठवणीनं व्याकूळ झालेला मोठा वाचकवर्ग तेव्हा जर्मनीत होता. पहाटेचं धुकं, माजावर आलेल्या नरांच्या डरकाळ्या, एकेका हरणाचं चरित्र. गोअरिंग त्यात येतो तो शिकारी म्हणून. जुलै १९६२मध्ये फ्रेवर्ट आपल्याच जंगलात बंदुकीच्या गोळीनं मेला. नोंद शिकारीतल्या अपघाताची आहे, पण आत्महत्येची चर्चा तेव्हापासून आजपर्यंत थांबलेली नाही.

बियाओव्हिएझातली त्याची भूमिका शिकाऱ्यांच्या जगासमोर सविस्तर आली ती २००४मध्ये, आंद्रेआस गाउट्शी या स्विस वनाधिकाऱ्यानं लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. तोवर तो रीतीरिवाजांचा आदरणीय जाणकार होता.

मला हा माणूस ढोंगी वाटत नाही. ढोंगी असता तर सोपं झालं असतं. मेलेल्या हरणाला मान द्यायचा हे त्याला खरोखर वाटत होतं. पण त्याच्या नियमांत जंगलात तीन बाजू आहेत: वनाधिकारी, जनावर आणि पाहुणा शिकारी. जंगलात राहणारा माणूस त्यांत येतो तो चोरटा शिकारी म्हणूनच. १९४१मध्ये जे झालं ते या नियमांच्या विरुद्ध झालं नाही. नियमांत त्या माणसांसाठी जागाच नव्हती.

---

ताम्हण

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'मॅटाडोर'च्या ओळीपाशी थांबून परत वर गेले आणि डहाळीचा परिच्छेद पुन्हा वाचला.

एक शंका. गोअरिंगचा हुकूम, पोलिसांची बटालियन, मग यात वनाधिकाऱ्याचा हात नक्की किती? जागेवरचा वरिष्ठ म्हणून नाव आलं, की त्यानं स्वतः काही केलं?

खैरबाभूळ

@ताम्हण, प्रश्न रास्त आहे. गावं जाळायला गेली ती पोलीस बटालियन, तो त्यांचा अधिकारी नव्हता. पण गावं रिकामी करायचं कारण जंगल होतं, आणि जंगलाची जबाबदारी त्याची. कुठला पट्टा मोकळा हवा हे पोलिसांना ठरवता येत नाही, ते वनखात्यालाच सांगावं लागतं. शिवाय त्याच्या वर उलरिख शेर्पिंग होता, गोअरिंगच्या शिकारखात्याचा प्रमुख अधिकारी. या दोघांनी मिळून ही योजना राबवली. गाउट्शीच्या चरित्रावरून 'फक्त खुर्चीवर नाव होतं' असं म्हणायला जागा राहत नाही.

टवाळ_वाघोबा

लेख भारी. पण इथल्या निम्म्या जनतेला जर्मन शिकारीचा एकच संदर्भ माहीत आहे, तो म्हणजे येगरमाइस्टरची हिरवी चौकोनी बाटली. गोव्याच्या प्रत्येक बारमध्ये दिसते. तिचा याच्याशी काही संबंध आहे की नुसतं नाव?

इतिहासाचा_विद्यार्थी

@टवाळ_वाघोबा, आहे. आणि बराच जवळचा.

वोल्फेनब्युटेलच्या कुर्ट मास्टनं ते १९३५मध्ये बाजारात आणलं. आदल्याच वर्षीच्या शिकार कायद्यात येगरमाइस्टर हे पदनाम आलं होतं, ते सगळ्यांच्या तोंडी होतं, त्यानं उचललं. त्या काळात लोक त्याला 'गोअरिंगची दारू' म्हणायचे. लेबलवर शिंगांमध्ये क्रूस असलेलं हरीण आहे ते संत ह्युबर्टसच्या दंतकथेतलं. सणाच्या दिवशी शिकारीला गेलेल्या ह्युबर्टसला हरणाच्या शिंगांत क्रूस दिसतो आणि तो शिकार सोडून देवाच्या मार्गाला लागतो. शिकार सोडणारा माणूस शिकाऱ्यांचा संत कसा झाला हे मला अजून उलगडलेलं नाही.

आता गंमत. लेबलच्या कडेनं बारीक अक्षरात चार ओळी छापलेल्या असतात. त्या आहेत ओस्कार फोन रीझेनथाल याच्या. हाही वनाधिकारी आणि शिकार-लेखकच. जन्म १८३० ब्रेस्लाउचा (आता व्रोत्सवाफ, पोलंड), मृत्यू १८९८. जर्मनीतल्या शिकारी पक्ष्यांवरचा त्याचा ग्रंथ आणि त्यातली रंगीत चित्रं पक्षीवाले आजही शोधत असतात. त्या ओळींचा भाव असा: शिकाऱ्याचं भूषण म्हणजे आपल्या जनावरांना राखणं, जोपासणं, रीतीनं शिकार करणं आणि निर्मितीत निर्मात्याला मान देणं.

फ्रेवर्टचं सगळं पुस्तक या चार ओळींचा विस्तार आहे असं म्हटलं तरी चालेल. आणि धागाकर्ता म्हणतात तेच इथेही. राखणं जनावरांना, मान देवाला. माणूस म्हणजे फक्त शिकारी.

टवाळ_वाघोबा

आता शॉट मारताना आधी लेबल वाचावं लागणार. मजा घालवली राव.

पेठेतला

लेखाच्या मेहनतीबद्दल अभिनंदन, पण निष्कर्ष पटला नाही. नाझी राजवटीत लाखो माणसांनी भयंकर गोष्टी केल्या. त्यांत रेल्वेवाले होते, डॉक्टर होते, शिक्षक होते. त्यातला एक वनाधिकारी निघाला म्हणून वनाधिकाऱ्यांच्या रीतीरिवाजातच खोट काढायची? उद्या कुणी रेल्वेच्या वेळापत्रकात खोट काढेल. डहाळी ठेवणं ही चांगली प्रथा आहे. मारलेल्याचा मान ठेवतात. आपल्याकडे चोरून ससा मारणारे काय करतात ते आपण जाणतो.

खैरबाभूळ

@पेठेतला, डहाळीत मला खोट दिसत नाही. मीही जनावर तडफडत ठेवणाऱ्यापेक्षा माग काढणारा माणूस पसंत करेन.

पण रेल्वेच्या वेळापत्रकाचं उदाहरण बसत नाही. वेळापत्रक स्वतःला नीतिशास्त्र म्हणवत नाही. शिकारीचे नियम म्हणवतात. 'रीतीनं' शिकार करणारा म्हणजे नुसता कुशल माणूस नव्हे, चांगला माणूस, असा त्यांचा दावा असतो. असा दावा करणारा ग्रंथ ज्यानं लिहिला तो पाच वर्षांनी कुठे उभा होता, हे विचारणं मला अवाजवी वाटत नाही.

सुगरणीचं_घरटं

एक भर. नाझींनी सत्तेवर आल्या आल्या, नोव्हेंबर १९३३मध्ये, प्राणी संरक्षणाचाही कायदा केला होता. गोअरिंग तर प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून लोकांना छळछावणीत घालायची धमकी द्यायचा. 'प्राण्यांवर प्रेम करणारा माणूस माणसांशी वाईट वागूच शकत नाही' असं आपल्या व्हॉट्सॲप गटांत दर आठवड्याला येतं, त्यांना हा धागा पाठवणार आहे.

राईनकाठची

काल्टेनब्रोन आमच्यापासून गाडीनं फार लांब नाही, म्हणून लिहिते. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तरेकडच्या उंच भागात, गेर्न्सबाखच्या वर. आधी बाडेनच्या ग्रँड ड्यूकची शिकारीची जागा होती, नंतर राज्य सरकारकडे आली. आता शनिवार-रविवारी तिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही. उंचावरची दलदल आहे, तिच्यातून लाकडी फळ्यांची वाट जाते, काळ्या पाण्याची तळी दिसतात. होलोह नावाच्या माथ्यावर जुना दगडी मनोरा आहे. मुलांसाठी माहितीकेंद्र आहे, कुंपणात हरणं आहेत. थंडीत स्की.

जावेचा नवरा इथलाच, शिकारीची परीक्षा दिलेला. त्याला फ्रेवर्टबद्दल विचारलं. म्हणाला, नाव माहीत आहे, अभ्यासाच्या यादीत होतं. बियाओव्हिएझाचं माहीत नव्हतं. वाईट तोंड करून ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, आमच्याकडे कुठल्याही जुन्या संस्थेची जमीन खणली की असं काहीतरी निघतंच. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण तो टाळत होता असंही वाटलं नाही.

एक मात्र सांगते. शिकार संपल्यावर मशालींच्या उजेडात ती रांग आणि शिंगांच्या धुनी ऐकल्या की अंगावर काटा येतो. हे सगळं १९३६मध्ये बांधलेलं असेल असं ऐकताना अजिबात वाटत नाही. शतकानुशतकांचं वाटतं.

इतिहासाचा_विद्यार्थी

@राईनकाठची, तसं वाटायला लावणं हेच त्या पुस्तकाचं यश. सुटे सुटे स्थानिक रिवाज उचलायचे, त्यांना क्रम द्यायचा, देशभर एकसारखे करायचे, आणि वर 'पूर्वापार' असा शिक्का मारायचा. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात युरोपभर हे चाललं होतं, जर्मनीतच असं नाही.

ताम्हण

माझ्या डोक्यात वाचल्यापासून मेळघाट घोळतोय. बोरी, कोहा, कुंड ही गावं वाघांसाठी हलवली. ताडोब्यातूनही गावं हलवली. जंगल माणसांशिवायचं असावं ही कल्पना आपल्याकडेही इंग्रजांनी आणलेल्या जर्मन वनाधिकाऱ्यांकडूनच आली ना? ब्रांडिस वगैरे?

मामलेदार_निवृत्त

ताम्हणताई, इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

मेळघाटच्या पुनर्वसनात त्रुटी असतील, आहेतही, पण त्यात मोबदला, संमती, न्यायालय, ग्रामसभा, वर्तमानपत्र हे सगळं आहे. बियाओव्हिएझात काडेपेटी आणि बंदूक होती. एका वाक्यात दोन्ही आणली की मेळघाटातल्या माणसाचा खरा प्रश्न बाजूला पडतो आणि आपण नाझींवर भांडत बसतो.

दुसरं, ब्रांडिसचं. डीट्रिश ब्रांडिस मूळचा बॉनचा, वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या जंगलांवर आला, १८६४मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यामागून श्लिश आणि रिबेनट्रॉप, तेही जर्मन. सलग तीन. १८७८च्या वनकायद्याच्या वेळी वाद झाला तो नेमका तुमच्याच प्रश्नावर. बेडन-पॉवेल नावाचा इंग्रज मुलकी अधिकारी म्हणत होता की जंगल सरकारचं, गावकऱ्यांना मिळतं ती मेहेरबानी. ब्रांडिस म्हणत होता की गावांचे जुने हक्क खरे आहेत, आणि सरकारी जंगलाबरोबर गावांची स्वतःची जंगलंही असायला हवीत. त्यासाठी त्यानं युरोपातल्या गावरानांचे दाखले दिले. तो हरला. हा सगळा वाद माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी नीट मांडलेला आहे.

म्हणजे गावाचा हक्क मानणारा जर्मन होता आणि नाकारणारा इंग्रज. 'जर्मन वनाधिकारी' असा एकच साचा करू नये. नोकरीत असताना दाव्यांच्या फायली चाळताना १८७८चं नाव रोज यायचं, म्हणून एवढं लिहिलं.

ताम्हण

@मामलेदार_निवृत्त, धन्यवाद काका. ब्रांडिस त्या बाजूला होता हे माहीत नव्हतं. मेळघाटची तुलना मी मागे घेत नाही, पण ती वेगळ्या धाग्यावर करू.

खैरबाभूळ

मामलेदार काकांचा प्रतिसाद लेखापेक्षा उपयोगाचा आहे.

त्यात एवढंच जोडतो की ब्रांडिसच्या मागे जर्मनीतला जंगलहक्कांचा मोठा संघर्षही होता. सरपणासाठी वाळकी लाकडं वेचणं, डुकरं चरायला सोडणं, जनावरांच्या अंथरुणासाठी पाला गोळा करणं, हे गावांचे जुने हक्क एकोणिसाव्या शतकात एकेक करून काढून घेतले गेले. लाकूडचोरीचे खटले तेव्हा प्रशियाच्या न्यायालयांत ढिगानं असायचे, आणि तरुण कार्ल मार्क्सनं १८४२मध्ये पत्रकार म्हणून ज्या विषयांवर कडाडून लिहिलं त्यांत हा एक होता. १८४८च्या क्रांतीत शेतकऱ्यांनी मागितलेल्या गोष्टींत स्वतःच्या शेतात शिकार करायचा हक्क होता. तोवर सरदाराची हरणं आणि डुकरं पीक खायची आणि शेतकऱ्यानं बघत बसायचं.

त्यामुळे वनाधिकारी आणि गावकरी हे वैर नाझींच्या फार आधीचं. फ्रेवर्ट त्याच परंपरेत वाढला. नाझींनी त्याला गावकऱ्यांचा तिटकारा शिकवला असं मला वाटत नाही. तो होताच. त्यांनी त्याला परदेशातलं जंगल, परकी माणसं आणि कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही याची खात्री दिली.

पेठेतला

'तिटकारा होताच' याला पुरावा काय? हे तुमचं अनुमान. बाटेनबर्गच्या गावकऱ्यांशी तो कसा वागायचा हे तुम्हाला ठाऊक आहे का?

खैरबाभूळ

@पेठेतला, अनुमानच आहे, आणि एकट्या त्याच्याबद्दल नाही, त्या पेशाच्या वळणाबद्दल. बाटेनबर्गचं म्हणत नाही मी. बियाओव्हिएझाचं म्हणतो, आणि तिथे अनुमानाची गरज नाही.

टवाळ_वाघोबा

पेठकर आणि बाभळीचे काटे, चालू द्या.

अवांतर: बियाओव्हिएझाच्याच जंगलात, बेलारूसच्या बाजूला, विस्कुली नावाचं सरकारी शिकारगृह आहे. ८ डिसेंबर १९९१ला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी तिथेच बसून सोव्हिएत संघ बरखास्त केला. राजे, झार, गोअरिंग, कम्युनिस्ट, सगळ्यांना शिकारीला तेच जंगल हवं होतं. बायसनना काय वाटत असेल.

सुगरणीचं_घरटं

बायसनचं सांगते. जंगलातला शेवटचा १९१९मध्ये मारला गेला, पहिल्या महायुद्धानंतरच्या धुमश्चक्रीत. मग युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मूठभर जनावरांपासून पैदास करून १९२९पासून ती परत बियाओव्हिएझात आणली. हे काम पोलंडच्या लोकांनी उभं केलं. जर्मन आले तेव्हा कळप तयारच होता, त्यांनी राखला म्हणून श्रेय त्यांचं होत नाही. आज पोलंड आणि बेलारूस दोन्हीकडे मोकळे कळप आहेत, आणि जंगल युनेस्कोच्या यादीत आहे.

राईनकाठची

रोमिंटनचं आता काय आहे? तिथे कुणी जाऊन आलंय का?

खैरबाभूळ

@राईनकाठची, जंगल दोन देशांत वाटलं गेलंय. उत्तरेचा मोठा भाग रशियाच्या कालिनिनग्राड प्रांतात, दक्षिणेचा पोलंडमध्ये. मधून सरहद्दीचं कुंपण. पोलंडच्या बाजूला पर्यटक जातात, रशियाच्या बाजूला सरहद्दीमुळे सहज जाता येत नाही. फ्रेवर्टचं चरित्र लिहिणारा गाउट्शी पोलंडच्या बाजूलाच स्थायिक झाला.

कैसरचा लाकडी वाडा मात्र वाचला. युद्धानंतर सोव्हिएतांनी तो सुटा करून कालिनिनग्राडला नेला आणि शहरातल्या मुख्य बागेत पुन्हा उभा केला. बागेचं कार्यालय त्यात आहे. रिखार्ड फ्रीझे या शिल्पकाराचं रोमिंटनचं ब्राँझचं हरीण सैनिकांनी उचलून नेलं. ते आता स्मोलेन्स्कच्या ब्लोन्ये बागेत उभं आहे. मुलं त्याच्यावर चढतात, पाठ घासून चकचकीत झाली आहे.

ताम्हण

आणि त्याचं रीतीरिवाजांचं पुस्तक? बंद झालं असेल ना २००४नंतर?

खैरबाभूळ

@ताम्हण, नाही. नव्या आवृत्त्या निघाल्या, आजही विकत मिळतं. परीक्षेला बसणाऱ्यांना त्यातले नियम लागतात, डहाळ्यांचे प्रकार विचारतात. शिकाऱ्यांच्या मासिकांत गाउट्शीच्या चरित्रावर चर्चा झाली, काहींना धक्का बसला, काहींनी 'काळच तसा होता' म्हटलं.

शेर्पिंगचं तर त्याहून पुढचं. फ्रेवर्ट निदान एका वनकचेरीत राहिला. गोअरिंगचा शिकारखात्याचा अधिकारी शेर्पिंग युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या शिकारी संघटनेचा कार्यवाह झाला, आणि नवा कायदा घडत होता तेव्हा तोच शिकाऱ्यांच्या बाजूनं बोलत होता. त्याच्यावर वेगळा धागा काढतो, इथे गर्दी झाली.

मामलेदार_निवृत्त

काढा. आणि तिथे १९५२च्या कायद्यातली कलमं १९३४च्या शेजारी मांडता आली तर मांडा. कुठलं कलम ठेवलं आणि कुठलं गाळलं यावरून त्या लोकांना काय लपवायचं होतं आणि काय नव्हतं ते लगेच कळेल.

पेठेतला

यावर मात्र मामलेदारांशी सहमत. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).